घागर भरलेली होती

त्या उन्हाळ्यात आमच्या शेतातली पाण्याची घागर संध्याकाळी जवळजवळ भरलेलीच असायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. सकाळी मी ती विहिरीवरून भरून आणायचो, बाभळीच्या बुंध्याशी ओल्या वाळूत बसवायचो, तोंडावर फडकं टाकायचो. दिवसभर आठ बाया समोरच्या उसात खुरपत असायच्या. दिवस मावळताना घागर उचलायला गेलो की वजनानं हात खाली ओढला जायचा. ते पाणी मी बाभळीच्या मुळाशी ओतायचो आणि घरी येऊन वडिलांना सांगायचो, "आबा, आपल्या बाया पाण्याला बी उठत न्हाईत." आबा पडल्या पडल्या माझ्याकडे बघून हसायचे. "बाया राखायला तुला जमाय लागलं," म्हणायचे.

हे एकोणीसशे छप्पन्न-सत्तावन्नच्या सुमाराचं. बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या खालच्या अंगाला आमचं गाव. मी चोवीस वर्षांचा होतो. बारामतीला मॅट्रिक झालो होतो, दोन वर्षं नोकरीसाठी अर्ज करून थकलो होतो आणि शेवटी घरी परत आलो होतो. आबांना दम्यानं धरलं होतं. त्यांनी ओढ्याकडचा चार एकरांचा तुकडा माझ्या हवाली केला. शिकून आलेल्या मुलाला शेतातलं काय कळतंय, असं गावात बोललं जायचं ते माझ्या कानावर येत होतं. मला दाखवून द्यायचं होतं.

आमचा सालगडी माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. त्यानंच मला कालव्यात पोहायला शिकवलं होतं, पोटाखाली हात धरून. मी त्याला दादा म्हणायचो आणि त्याच्या बायकोला वैनी. वस्तीवरच त्यांचं छप्पर होतं. वैनी चारचौघांत मला 'धाकलं मालक' म्हणायची आणि एरवी 'भावजी'. उंच, सावळी, हसताना तोंडापुढे पदर धरणारी. तिच्या तिखट जिभेचं सगळ्या रानाला भ्या होतं. मी पहिल्यांदा छत्री घेऊन बांधावर उभा राहिलो तेव्हा तिनं ओळीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, "भावजी, छत्री उनासाठी का आमी दिसू नये म्हणून?" दुसऱ्या दिवसापासून मी छत्री नेली नाही.

तिला एक वर्षाची मुलगी होती. बाभळीच्या फांदीला झोळी बांधून तिला निजवायची आणि खुरप्याला जायची.

त्या तुकड्याच्या खालच्या कडेला, ओढ्याच्या काठानं, घाणेरीची दाट जाळी होती. माणूस उभं राहिलं तरी दिसणार नाही एवढी उंच, चाळीसेक पावलं लांब. मधे कुठं कुठं निवडुंग होता. बाया दिवसातून दोन-तीनदा त्या जाळीआड जायच्या. एकटी कोणी जायची नाही, दोघी-तिघी मिळून. येताना घाणेरीची पिकली काळी फळं तोंडात टाकत, हसत बोलत यायच्या. मला ते हसणं टोचायचं. काम टाकून गेल्या आहेत आणि हसतायत, असं वाटायचं. एकदा मी म्हणालो, "गावाला गेल्ता काय गं?" त्यावर ओळीच्या टोकाची म्हातारी, जिनं माझ्या आईची बाळंतपणं केली होती, ती म्हणाली, "व्हय बाबा, सोयरीक जमवाय गेल्तो. तुझ्यासाठी पोरगी बघितली, घाणेरीच्या रंगाची." सगळ्या खुरपी खाली ठेवून हसल्या. मीही हसलो, पण मनात राग धरला.

शिमग्याच्या आधी मी दादाला सांगितलं की जाळी तोडून टाकायची.

त्याला कारण सांगितलं ते असं: जाळीत उंदीर-घुशी माजल्यात, त्या ऊस कुरतडतात, जाळी गेली की गाडीवाट ओढ्याच्या कडेनं सरळ नेता येईल, आणि दोन सऱ्या वाढतील. हे सगळं खरं होतं. आबांनाही मी हेच सांगितलं आणि ते खूश झाले. पण दुसरं एक कारण होतं, ते मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही. आडोसा गेला की बायांचं उठणं कमी होईल, हे मला माहीत होतं. तसं मी ठरवूनच केलं. आडोसा नसला तर त्या काय करतील, हा पुढचा विचार मी केला नाही. नाही केला, हे खरं आहे. पण मी करू शकलो असतो, हेही तेवढंच खरं आहे.

दादानं चार दिवस कुऱ्हाड आणि कोयता चालवला. घाणेरीनं त्याचे हात कोपरापर्यंत ओरबाडले. संध्याकाळी छपरापुढे बसून वैनी त्याच्या हाताला तेल-हळद लावत होती. मी तिथून जात होतो. ती म्हणाली, "भावजी, जाळी काढाय सांगितली, कातडी न्हाय." तेवढंच. दुसरं काही बोलली नाही. ती बोलली असती तर, असं मी कितीदा मनाशी म्हटलं आहे. पण कशी बोलणार? मी तिचा मालक होतो आणि दीरही होतो. दोन्ही नात्यांत ते बोलायची सोय नव्हती.

तोडलेली जाळी तीन गाड्या भरून गावच्या होळीला गेली. त्या वर्षी होळी देवळाच्या शिखराएवढी उठली. लोक म्हणाले, धाकल्या मालकानं होळी केली. मी बारा वर्षांच्या मुलासारखा बोंब मारत होतो.

चैत्र लागला. मोठे ऊस सगळे तुटून गेले होते. आमच्या तुकड्यात सुरूचा ऊस होता, माघात लावलेला, अजून गुडघ्याएवढाही नव्हता. चहूकडं सपाट रान. एका अंगाला कालव्याचा भराव, त्यावरून पाणी सोडणारे पाटकरी आणि येणारी-जाणारी माणसं. दुसऱ्या अंगाला माझी नवी गाडीवाट, सरळ, सोयीची, म्हणून आता शेजारच्या दोन गावांच्या बैलगाड्याही तिथूनच जायच्या. आणि वरच्या बांधावर बाभूळ. तुकड्यातली एकुलती एक सावली. तिच्याखाली मी, शेजारी घागर, वर झोळी.

बायांचं उठणं खरंच बंद झालं. सकाळी ओळ धरायच्या ती दुपारी भाकरीलाच सोडायच्या. भाकरी खातानासुद्धा पाणी जेमतेम. वाटी तोंडाला लावायच्या, गाल फुगवून खुळखुळवायच्या आणि बांधावर थुंकून टाकायच्या. मी पाहिलं होतं ते. एकदा विचारलंही, "अगं, गिळा की. थुंकताय कशाला?"

वैनी म्हणाली, "तुमच्या हिरीचं पाणी लई गोड हाय, भावजी. गोड खाऊन दात किडत्यात."

त्याही वेळी सगळ्या हसल्या. पण आवाज कमी होता. त्यांचे ओठ फुटले होते. मला वाटलं, उन्हाळा आहे, ओठ फुटायचेच.

वैशाखात झोळीतली मुलगी फार रडू लागली. मी वैनीला हाक मारायचो. ती यायची, माझ्याकडे पाठ करून बाभळीच्या पलीकडे बसायची, पाजायची. मुलगी थोडा वेळ गप्प राहायची आणि मग जास्तच किंचाळायची. तोंड बाजूला करून रडायची. मी एकदा त्रासून म्हणालो, "वैनी, पोरीला नीट पाज तरी. कान किटले." तिनं मुलीला झोळीत टाकलं, पदराच्या टोकाला बांधलेला गुळाचा खडा ओला करून तिच्या तोंडात दिला आणि गेली. एवढ्या बोलक्या बाईनं उत्तर दिलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं, की आता ही मला मालक मानू लागली.

आता तो दिवस.

वारा पडलेला होता. दुपारची भाकरी झाल्यावर तासाभरानं मी ओळींवरून एक फेरी मारली. बाकीच्या सातही बायांच्या सऱ्या स्वच्छ होत्या. वैनीच्या सरीत गवत तसंच उभं होतं आणि उसाचे कोंब कापून पडले होते. ती बसून पुढं सरकत होती आणि हरळी सोडून एकेक कोंब मुळाशी खुरप्यानं उडवत होती. हळू, नीट, रोजच्यासारखी. पंधरा-वीस कोंब गेले होते.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला शब्द न् शब्द आठवतं. "डोळं फुटलं का तुझं? ऊस कापतीयास! दादाच्या सालात धरू का ह्यो ऊस?"

तिनं वर बघितलं. तोंड लाल आणि कोरडं ठणठणीत होतं, घामाचा टिपूस नव्हता. बाकीच्या बायांच्या चोळ्या पाठीला चिकटल्या होत्या, हिची सुकी होती. माझ्याकडे बघताना तिला मी कोण ते कळत नव्हतं. ती म्हणाली, "आये, पोरीला घे. मी आलेच." माझ्याकडे बघून आये म्हणाली. मग पुन्हा एक कोंब कापला, खुरपं तिथंच टाकून उठायला गेली आणि सरीत आडवी झाली.

म्हातारी धावत आली. तिला बाभळीखाली आणलं. मी घागरीतलं पाणी वाटीनं तिच्या तोंडात ओतलं, ते गालावरून बाहेर आलं. कांदा फोडून नाकाशी धरला, तळपायांना घासला. ओलं फडकं कपाळावर ठेवलं, ते बघता बघता गरम झालं. अंग चुलीच्या वैलासारखं तापलं होतं. दादाला पलीकडच्या पट्टीतून बोलावलं, गाडी जुंपली, वर गोणपाटं बांधली आणि बारामतीची वाट धरली. दादा बैल हाकत होता, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन घागर शेजारी धरून बसलो होतो. घागरीतलं पाणी गाडीच्या हिसक्यानं बाहेर उडत होतं. मी तिच्यावर पाणी शिंपडत होतो. मधेच तिच्या हातापायांना पेटके आले, बोटं आकसली. बारामतीजवळच्या जळोचीची झाडं दिसू लागली तेव्हा दादानं मागं न बघता विचारलं, "श्वास हाय का?"

"हाय," मी म्हणालो. तेव्हा होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. त्यांनी सलाईन लावायला सांगितलं, पण शीर सापडेना. "अंगात पाणीच नाही हिच्या," ते म्हणाले. "आणि ही आजची गोष्ट नाही. कित्येक दिवसांची आहे. शेतावर प्यायला पाणी ठेवत नाही का तुम्ही?"

मी म्हणालो, "घागर भरलेली होती, साहेब. माझ्यासमोर होती."

मी हे खऱ्या मनानं सांगितलं. दादानंही मान हलवली. माझ्या बाजूनं साक्ष दिली त्यानं.

दिवेलागणीला ती गेली.

पंधरा दिवस खुरपणी बंद होती. मग बाया आल्या. मी आता बाभळीखाली बसत नव्हतो. घागर खांद्यावर घेऊन ओळीओळीनं फिरत होतो, जिला तिला वाटी भरून देत होतो. प्या म्हणत होतो. मला भीती बसली होती. बाया वाटी घ्यायच्या. एकदा सहज मागं वळून बघितलं तर एका पोरसवद्या सुनेनं वाटी हळूच सरीत उपडी केली होती.

माझा तोल गेला. "एक मेली तरी तुमाला अक्कल येत न्हाय? पाणी फुकट हाय म्हणून वततीयास?"

 ओळीच्या टोकाची म्हातारी गुडघ्यांवर हात टेकून उठली. माझा दंड धरला. तिनं मला न्हाऊ-माखू घातलेलं होतं, तिला तो हक्क होता. मला ओढत खालच्या कडेला घेऊन गेली, जिथं जाळी होती तिथं. जाळीची जळकी खुंटं अजून जमिनीतून वर आली होती.

"बस हितं," ती म्हणाली.

"का?"

"बस म्हणलं ना. उकिडवा बस."

मी बसलो.

"आता सांग, कोण कोण दिसतंय तुला?"

समोर गाडीवाटेवरून दोन गाड्या येत होत्या. कालव्याच्या भरावावर पाटकरी उभा होता, तिघं जण विडी ओढत बसले होते. वर बाभूळ स्वच्छ दिसत होती, आणि तिच्याखाली मी रोज बसायचो ती पालथी घातलेली पाटी.

"दिसलं?" म्हातारी म्हणाली. "मग त्यांनाबी तू दिसतूयास. आता उरक हितं. उरक की!"

मला उठता येईना.

ती माझ्या शेजारीच खाली बसली. तिचा आवाज उतरला. म्हणाली, "पहाटं अंधारात जायाचं, मग सांजच्याला अंधारात. मदी पाणी प्यायचंच न्हाय. आमचं समद्यांचं ठरलं हुतं. आमाला म्हाताऱ्यांना जमलं. तिच्या अंगावर पोर पीत हुतं. दूध आटलं तरी ती प्याली न्हाय. मी म्हणलं, धाकल्या मालकाला सांगते. तर म्हणली, आत्ती, भावजीला असलं सांगू नगं. त्येला लाज वाटंल."

मला लाज वाटेल म्हणून.

त्या दिवसापासून मी दुपारचा त्या तुकड्यात गेलो नाही. गाडीवाट बंद केली. सध्यापुरता आडोसा म्हणून कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या. आबांनी कारण विचारलं तेव्हा त्यांना मी खोटंच काहीतरी सांगितलं.

हे इथवरचं मी एका-दोघांना सांगितलेलं आहे. पुढचं गेल्या आठवड्यापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षी नागपंचमीनंतर एका सकाळी मी ओढ्याकडे गेलो तर दादा खड्डे काढत होता. बाजूला शेराच्या, कुंपणाला लावतात त्या चिकाळ झुडपाच्या, फांद्यांची रास. पळसदेवला त्याचे पाहुणे होते, तिथून रात्रभर चालत त्यानं त्या स्वतःच्या डोक्यावर आणल्या होत्या. शेराला पाणी लागत नाही, काही लागत नाही, फांदी खोचली की लागते. जुन्या जाळीच्या खुंटांच्या ओळीतच तो एकेक फांदी खोचत होता. त्याची मुलगी बांधावर चिखलात खेळत होती.

मी खाली बसून त्याला फांद्या देऊ लागलो. अर्धी ओळ लावून झाली.

मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हातारीनं सांगितलं मला." हात थांबले नाहीत त्याचे. "चार दीस तोडत हुतो, मालक. घरातली बाई दिवसाची कुठं जाती, येवढं मला कळाय नगं व्हय? तुमी तर वाटंचं बघितलंत. तुमाला काय म्हाईत. पर मी तिचा नवरा. माज्याच हातानं तोडली. हळद लावत हुती माज्या हाताला, आन बोलली न्हाय."

त्याच्या हातावर घाणेरीचे ओरखडे अजून पांढरे दिसत होते.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. दादा, तू फक्त तोडलीस. बायांनी उठू नये म्हणून मी ती मुद्दाम तोडायला लावली. एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर त्यानं हातातली पहार माझ्या डोक्यात घातली असती किंवा मुलीला उचलून कायमचा निघून गेला असता. काहीही झालं असतं तरी ते ओझं त्याच्या अंगावरून उतरलं असतं.

मी म्हणालो, "जाऊ दे दादा. तुला तरी काय म्हाईत हुतं."

मी त्याला माफी दिली. आणि तो दोन्ही मातीचे हात तोंडावर घेऊन रडला, आणि नंतर माझे पाय धरायला वाकला. मी त्याला धरलं, उठवलं. माझ्यासारखा समजूतदार मालक नाही, असं तो पुढं लोकांना सांगायचा.

वीस वर्षं तो आमच्याकडेच राहिला. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. शेर वाढला, माणसाच्या वर गेला. बाया आता त्याच्याआड जातात, हसत येतात, आणि मी त्या वेळी पाठ करून चालू लागतो. गेल्या हिवाळ्यात दादा गेला. त्याच्या दहाव्याला त्याची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. लग्न होऊन गावातच दिलेली, आईसारखीच उंच. म्हणाली, "तात्या, आण्णा शेवटाला सारखं म्हणत हुतं, तुझ्या आयला मी मारलं, मला माफ कर. काय केलं हुतं वो त्येंनी?"

मी म्हणालो, काही नाही, शेवटच्या दुखण्यात माणूस बरळतं.

दोन महिने मला झोप नव्हती. आता मी त्याच वयात आलोय जिथं आबा होते, आणि मला समोर दिसत होतं की मीही हे घेऊनच जाणार आणि ही मुलगी बापाला दोष देत म्हातारी होणार. शेवटी गेल्या आठवड्यात मी भर दुपारी त्या तुकड्यात गेलो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. ती इतर बायांबरोबर खुरपत होती. मी तिला बाभळीखाली बोलावलं आणि सगळं सांगितलं. जाळी, दुसरं कारण, घागर, कोंब, मी ओरडलो ते शब्द, शेर लावताना मी जे बोललो आणि जे बोललो नाही ते. ती खुरप्याच्या टोकानं मातीत रेघा ओढत ऐकत होती.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "हे मला कशाला सांगताय, तात्या?"

तिनं खुरप्याची माती बोटानं पुसली.

"माज्या बापाला सांगाय पायजे हुतं," ती म्हणाली. "ऐकाय त्यो हुता की वीस वर्षं. हितंच हुता."

आणि पदर डोक्यावर घेऊन ती ओळीत जाऊन बसली.